नरसोबाचं तोंड आणि खरबुजाची वाडी

सगुणाबाई कुंभारणीनं केलेला पहिला नरसोबा पाहून गाव हसलं आणि दुसरा पाहून घाबरलं. दोन्ही वेळा बिघडलं ते तिच्याच घाईमुळं. पण तेव्हा तसं तिला तोंडावर सांगायची छाती कुणाची नव्हती. नवऱ्याची तर नव्हतीच.

गाव खापरवाडी, टेंभुर्णीपासून कोसभर. निजामी अमलातले दिवस. वैशाखात नरसिंह जयंतीला खापरवाडीत सोंगं निघत. मारुतीच्या पारासमोर बांबू आणि कागदाचा खांब उभा करायचे आणि तिन्हीसांजेला तो फोडून नरसोबा बाहेर यायचा. नरसोबाचा मुखवटा सगुणाबाईच्या बापानं, भिकाजी कुंभारानं, वीस वर्षांमागं केलेला. भिकाजीला मुलगा नव्हता. त्यानं बहिणीचा मुलगा कारभारी याला घरजावई करून घेतलं आणि चाक त्याच्या हाती दिलं. पंचक्रोशीच्या सोंगांचे मुखवटे भिकाजीच करी, पण ती कला मात्र त्यानं कुणाला दिली नाही. ती सगुणाबाईनं नुसती शेजारी बसून, खळ ढवळता ढवळता उचलली होती.

त्या वर्षी जयंतीला अठरा दिवस राहिले असताना देवळातली पेटी उघडली, तर आत वाळवी. वीस वर्षांच्या नरसोबाचा एक कान आणि अर्धा जबडा तेवढा उरलेला.

काकासाहेब पाटील आणि बद्रीनाथ कुंभारवाड्यात आले. बद्रीनाथ हा दरवर्षी नरसोबाचं सोंग घेणारा धिप्पाड शेतकरी.

"कारभारी, मुखवटा करून द्यावा लागतो बाबा," काकासाहेब म्हणाले.

"मी मडकी घडवितो, पाटील," कारभारी चाकावरचा हात न काढता म्हणाला. "तोंड घडवायचं मह्या हाताला जमत न्हाई. मह्या दोन्ही लेकीबी आईच्या तोंडावर गेल्या, देवाची किरपा."

"मंग कसं करायचं?"

कारभारीनं हनुवटीनं आत दाखवलं. ओसरीत सगुणाबाई रांजणावर लाल कावेचे पट्टे ओढत बसली होती. तिच्या कानावर सगळं पडलं होतं. काकासाहेबांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "करते."

"देवाचं तोंड हाय, सगुणा."

"ठाऊक हाय. बा करताना मीच समोर होते."

असं ते काम तिच्याकडं आलं. वय चाळिशीचं, दोन लेकी सासरी गेलेल्या, हात मातीला सरावलेले. आजवर तिनं रांजणावर वेली काढल्या, पोळ्याचे बैल केले. पण आख्खं गाव बघेल असं काही केलं नव्हतं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं नाही.

मुखवट्याचं काम असं असतं: आधी मातीचा चेहरा करायचा, तोच साचा. तो सावलीत सुकू द्यायचा. मग त्यावर राख चोळून चिंचोक्याच्या खळीत भिजवलेले कागद थरावर थर चिकटवायचे. ते सुकले की साच्यावरून सोडवून घ्यायचे आणि रंगवायचे. कागद पिंजाऱ्याच्या घरून आला. वेशीजवळ राहणारा सिराजोद्दीन पिंजारी सरकी-कापसाच्या कामानं जालन्याला जाई आणि येताना तिथल्या रद्दीचा गठ्ठा आणी. उर्दू अखबार होते सगळे. त्याची बायको अनवरी म्हणाली, "तुमच्या नरसोबाच्या डोस्क्यात आता हैदराबादेच्या समद्या खबरा राहतील."

सगुणाबाईला हसायला सवड नव्हती. साचा झाला तसा तिनं तो भट्टीच्या धगीशी नेऊन ठेवला, एका दिवसात सुकावा म्हणून. कागदही चुलीजवळ सुकवला. पाचव्या दिवशी नरसोबा तयार. पण धगीनं गाल आत ओढले गेले होते, नाक आखडलं होतं आणि ओठ वर चढले होते. पाराजवळ नेऊन दाखवला, तर बायका पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या. बद्रीनाथ तेवढा भोळा.

"मांजर लई झ्याक झालंय," तो म्हणाला.

सगुणाबाईनं मुखवटा उचलला आणि घरी येऊन चुलीत घातला.

दुसऱ्या वेळी तिनं ठरवलं, मांजर तर मांजर, आता असा राग आणते की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. भुवया जाड केल्या, मध्ये गाठ मारल्यासारख्या. गाल फुगवले. डोळे बारीक करून खाली रोखले. पुन्हा धग, पुन्हा घाई. चार दिवसांत झाला. या वेळी कुणी हसलं नाही. काकासाहेबांनी मुखवटा बघितला आणि त्यांचा हात आपोआप सलामाला कपाळाकडं गेला. अर्ध्यावर त्यांच्या ध्यानात आलं, तसा त्यांनी रुमाल सारखा केल्याचं सोंग केलं.

"काय झालं?" सगुणाबाईनं विचारलं.

काकासाहेब घुटमळले. "सगुणा, राग मानू नको. हे ते तहसिलीतून दौऱ्यावर येतात ना, पेशकारसाहेब... बिलकुल ते दिसून राह्यले."

खरंच तसं झालं होतं. फक्त चष्मा नव्हता.

आता नऊ दिवस राहिले. सगुणाबाईनं त्याच दुपारी तिसरा साचा मळायला घेतला. जेवायला उठेना. स्वयंपाकात लक्ष नाही. एकाच भाजीत दोनदा मीठ पडलं आणि दुसऱ्या दिवशी मुळीच नाही. कारभारीचा तर रांजण-माठांचा हंगाम, घरात एका माणसाला चार हात हवे असे दिवस. पण तो काही बोलला की ती म्हणे, "तुमाला मडक्याशिवाय काय दिसतं?" मग ती साच्याचं नाक मोडी, पुन्हा लावी, पुन्हा मोडी. बोटांना भेगा पडल्या. डोळे लाल झाले. साचा पूर्ण झाला तरी तिचं समाधान होईना. तो उचलून ती भट्टीकडं निघाली, तेव्हा कारभारी पहिल्यांदा आडवा आला.

"धगीला नको."

"सरका."

"सरकत न्हाई. मामा चार दिस सावलीत सुकवायचे. तू दोन तरी दे."

"बा-ला वेळ होता. मला न्हाई."

एवढ्यात अनवरी आयाळीचा कापूस घेऊन आली. पिंजून काढलेला, दुधावरच्या सायीसारखा. दर वर्षी आयाळ पिंजाऱ्याच्याच घरची. तिनं दारातून दोघांकडं बघितलं. नवरा-बायको मध्ये मातीचं डोकं धरून उभे.

"अगे सगुणा," अनवरी म्हणाली, "साच्याचं ऱ्हाऊ दे, तुझं तोंड बघ जरा आरशात. जिन चढल्यावानी दिसून राह्यली तू."

"तू बोलू नको अनवरी. आठ दिस राह्यलेत."

"तुझ्या अब्बाला बी तेवढेच दिवस असायचे ना? मंग ते चार दिवस साचा सुकायचा तेव्हा काय करायचे ते?"

सगुणाबाई बोलायला गेली आणि थांबली. भिकाजी त्या चार दिवसांत काय करायचा, हे तिला पक्कं आठवत होतं. तो गायब व्हायचा. साचा सावलीला ठेवला, हात धुतले की निघाला. कधी कुणाच्या विहिरीत पोहायला, कधी टेंभुर्णीच्या बाजारात गुळाची शेव खात कुस्त्या बघायला. एकदा तर दोन दिवस मंदिराच्या पायरीवर बसून कबुतरं बघत होता. आई दारात उभी राहून बोंबलायची, की देवाचं काम टाकून हा माणूस उंडारतो. लहानगी सगुणाही बापावर रुसायची. तो परत यायचा तेव्हा त्याच्या खिशात काहीतरी असायचं, चिंचा नाहीतर बोरं. आणि मग एका बैठकीत काम उरकून टाकायचा.

"उंडारायचा," ती हळूच म्हणाली.

"मंग तू बी चल उंडारायला," अनवरी म्हणाली. "उद्या आमची गाडी पूर्णा नदीवर चाललीय. गोजरबाई भोईणीच्या पोराचं लग्न हाय, तिची गादी पोचवायची. खरबुजं खाऊ, पाण्यात बसू आन् सांजेला वापस."

"आन् साच्याला कोन बघंल?"

"मी बसतो जवळ," कारभारी घाईनं म्हणाला. "बोट लावनार न्हाई. कुणाला लावू देनार न्हाई. माशी बसली तर उडवून लावतो."

सगुणाबाईनं साचा ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला. वर ओलं फडकं टाकायचं की कोरडं यावर पाव घटका बोलली. मग जायला तयार झाली, पण रागानंच.

सकाळी उन्हाच्या आत गाडी निघाली. सिराजोद्दीन पुढं, मागं लाल खोळीची गादी, आणि गादीवर पाय पसरून दोघी. गाडी वेशीबाहेर पडते न पडते तोच सगुणाबाई म्हणाली, "नाक अजून जरा रुंद पायजे होतं नरसोबाचं."

"थांबव रे गाडी," अनवरीनं नवऱ्याला सांगितलं. "आजचा कायदा ऐक सगुणा. नरसोबाचं नाव काढलं की खाली उतरायचं आन् वीस पावलं गाडीमागं चालायचं."

"खुळी का काय तू!"

"उतर."

सगुणाबाई उतरली. वीस पावलं चालून पुन्हा चढली. मळ्याच्या वळणावर म्हणाली, "आयाळ कानामागून घ्यावी का..." आणि पुन्हा उतरली. पळसाच्या ओढ्यापर्यंत ती इतक्या वेळा उतरली की जवळजवळ पाव कोस पायीच झाला. सिराजोद्दीन बैलांना म्हणत होता, "तुमची आज मजा हाय लेकांनो, वजन निम्मं." शेवटी एकदा ती तोंड उघडून थांबली, अनवरीनं तिच्याकडं बघितलं, आणि दोघीही अशा हसल्या की सिराजोद्दीनला गाडी थांबवावी लागली. त्यानंतर तिनं नरसोबाचं नाव काढलं नाही. बाभळीवरच्या सुगरणीच्या घरट्यांकडं बोट दाखवत राहिली.

पूर्णेचं पात्र वैशाखात रुंद आणि कोरडं. एका काठानं तेवढी घोट्याएवढी धार वाहत होती. पुढं खडकाशी एक डोह होता, हिरवा, खोल. मधल्या रेतीत भोयांच्या खरबुजाच्या वाड्या. गोजरबाईची खोप जांभळीच्या झाडाखाली. गोजरबाई म्हणजे उंच, वाळकी, उसासारखी म्हातारी. आवाज मात्र असा की ती काठावर "या" म्हणाली तर पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघे. डोकं नुकतंच धुतलं होतं. पांढरे केस मोकळे सोडून ती वाडीत फिरत होती. मागं मागं तिची तीन वर्षांची नात साळू, उघडीनागडी, हातात खरबुजाची फोड.

"गादी मऊ हाय ना रे सिराज? पोराच्या सासरवाडीनं नावं ठिवू नये."

"लोळून बघ मावशी."

गोजरबाईनं खरंच लोळून बघितलं आणि गादी पसंत केली.

मग तिनं रेतीत हात घालून खरबुजं काढली. रात्रभर ओल्या रेतीत पुरून ठेवलेली, विहिरीच्या पाण्यासारखी गार. भाकरी ज्याची त्याची होती, पण खरबुजं सगळ्यांच्या मध्ये ठेवून फोडली. वरून जाळीदार, आत केशरी, आणि वास असा की मधमाश्या आधी आल्या. सगुणाबाईच्या कोपरापर्यंत रस ओघळला. तिनं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्याचं अर्धं खाल्लं आणि मग ती नदीत जाऊन लुगड्यासकट बसली. पाणी कमरेलाही पोचत नव्हतं. बारीक मासे येऊन तिच्या पायाच्या भेगा टोचू लागले, तशी ती गुदगुल्यांनी ओरडली.

"अनवरी, हे खाऊन राह्यले मला!"

"खाऊ दे. तेवढी माती कमी व्हईल."

किती दिवसांनी ती काही न करता बसली होती, ते तिलाच आठवेना. हात पाण्यात नुसते पडले होते. काही मळत नव्हते, काही घासत नव्हते. मग जांभळीखाली येऊन ती आडवी झाली आणि अनवरी तिला लेकीची, रजियाची, एक लांबलचक हकिकत सांगत असताना मध्येच झोपली.

तिला जाग आली ती डरकाळीनं.

खरंच डरकाळी. ती ताडकन उठून बसली. गाडीचे बैल दाव्याला हिसके देत होते. सिराजोद्दीनच्या हातातलं खरबूज पडून फुटलं होतं. आणि रेतीतून गोजरबाई धावत होती. केस मोकळे, चारी बाजूंना उडालेले, तोंड एवढं उघडं, डोळे बाहेर आलेले, दोन्ही हात पुढं. ती साळूच्या नावानं ओरडत होती. साळू डोहाच्या खडकावर जाऊन बसली होती, पाय पाण्याकडं.

वाडीतले दोन भोई जागच्या जागी उभे राहिले होते, म्हातारीच्या त्या रूपापुढं पाऊल टाकायला भ्यायल्यासारखे. पण साळूनं मागं वळून बघितलं. तिच्यावर ती एवढी मोठी गर्जना चालून येत होती, आणि पोरगी हसली. तिनं दोन्ही हात वर केले.

"आज्जे, घे!"

गोजरबाईनं तिला खडकावरून उचललं, काखेत मारलं आणि मग सगळ्यांकडं वळून पुन्हा गरजली, "कोन बघत होतं रं पोरीकडं? समदे मेले व्हते का?" ती खोपीपर्यंत आली आणि खाली बसली. साळू तिच्या मोकळ्या केसांशी खेळत होती. थोड्या वेळानं म्हातारीनं फुटलेलं खरबूज रेतीतून उचललं, आतला गर पोरीला भरवला आणि सिराजोद्दीनला म्हणाली, "तुह्या पायावर पडलं का रे? लागलं का?"

"न्हाई मावशी, पायावर न्हाई. फक्त जीव गेल्ता, आता आला."

मग सगळे हसले. गोजरबाई सगळ्यांत मोठ्यानं.

संध्याकाळी चार खरबुजं घेऊन दोघी घरी आल्या. कारभारी साच्याजवळ बसला होता, हातात निंबाचा डहाळा. दिवसभर त्यानं माश्या उडवल्या होत्या. एक मडकं घडवलं नव्हतं.

"साचा बराबर हाय," तो म्हणाला. "तू कशी हायेस?"

"भूक लागली," सगुणाबाई म्हणाली. कारभारीनं त्यातच सगळं समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं साच्याला हात लावला नाही. सकाळी कारभारीला भट्टी लावू लागली, दुपारी झोपली आणि उन्हं कलल्यावर अनवरीच्या ओट्यावर जाऊन पचिशी खेळली. हरली. कवड्या बदलून पुन्हा खेळली, पुन्हा हरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं साचा समोर घेतला. आत थोडी ओल राहिली होती, कोरण्याजोगी. तिनं काही ठरवलं नव्हतं. हात आधी भुवयांवर गेला आणि तिथली गाठ तिनं पाण्याच्या बोटानं पुसून टाकली. भुवया वर उचलल्या. डोळे मोठे केले. रोखलेले नाहीत, शोधणारे; काहीतरी हातचं जाईल म्हणून धावत निघालेल्या माणसाचे. मग तोंड उघडलं, एवढं, आणि तेव्हा तिला कळलं आपण कुणाला करून राह्यलो ते. ती थांबली. ओसरीत बसून स्वतःशीच हसली.

"काय झालं?" कारभारीनं चाकावरून विचारलं.

"पल्लाद भ्याला न्हवता," ती म्हणाली.

"कोन?"

"पल्लाद. नरसोबा खांबातून निघाला तवा समदे भ्याले. देवबी भ्याले. तेवढं पोरगं भ्यालं न्हाई. त्याला ठाऊक होतं, हा माझ्यावर न्हाई, माझ्यासाठी वरडून राह्यला. मी आपली भ्या दाखवत बसले होते लोकांला."

कारभारीनं मान हलवली. त्याला सगळं समजलं असं नाही, पण तिच्या आवाजातली धग गेली होती हे त्यानं ऐकलं.

कागद लावले. ते सुकायला पुन्हा दोन दिवस. या वेळी कुणी ओढून नेलं नाही. ती आपणहून कारभारीबरोबर टेंभुर्णीच्या बाजाराला गेली, माठांच्या गाडीवर बसून. दोघांनी निंबाखाली बसून गरम भजी खाल्ली. कारभारी सारखा तिच्याकडं बघत होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण बाजारात ही बाई आपल्याशेजारी भजी खात बसली, असं आधी कधी झालं नव्हतं.

"काय बघून राह्यले?"

"काय न्हाई. अजून घेऊ का पावशेर?"

"घ्या."

परत आल्यावर एका दिवसात तिनं रंग दिला. गालांना शेंदूर, डोळ्यांभोवती काजळ, दातांना खडू. अनवरी येऊन बसली आणि दोघींनी मिळून कापसाची आयाळ चिकटवली, हळदीच्या पाण्यात बुडवून काढलेली. ती चारी बाजूंना उडाल्यासारखी बसवली. अनवरीनं मुखवटा दोन्ही हातांत धरून लांब नेला, जवळ आणला आणि एकदम म्हणाली, "या खुदा, सगुणा! ही तर..."

"गप."

"पण नाक..."

"गप म्हनलं ना. गावाला सांगू नको."

मुखवटा बघायला काकासाहेब आले. या खेपेला त्यांचा हात सलामाला उठला नाही. त्यांनी पायातल्या वहाणा बाहेर काढल्या आणि ओसरीत खाली बसले. बद्रीनाथ त्यांच्या मागं उभा होता.

"सगुणा," काकासाहेब म्हणाले, "ह्याला बघून पळून जावं वाटत न्हाई. ह्याच्या मागं जाऊन लपावं वाटतं."

सगुणाबाई पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती बराच वेळ आतच राहिली.

जयंतीच्या संध्याकाळी पारासमोर पंचक्रोशी जमली. ढोल, संबळ, धूळ. कागदी खांब थरथरला, फाटला आणि बद्रीनाथ नरसोबा होऊन बाहेर आला. लहान पोरं रडली. ती दर वर्षीच रडतात. पण या वेळी दोन-चार म्हाताऱ्या पुढं येऊन पाया पडल्या. बद्रीनाथला तर इतकं स्फुरण चढलं की नाचायचं थांबेना. मुखवटा हलका होता, सावलीत सुकलेला, कुठं टोचत नव्हता. शेवटी काकासाहेबांनी दोघांना पाठवून त्याला धरून बसवलं आणि पाणी पाजलं.

गोजरबाईही आली होती, खरबुजांच्या पाट्या घेऊन, कडेवर साळू. तिनं नरसोबाकडं जवळून, डोळे बारीक करून बघितलं. सगुणाबाई शेजारीच उभी.

"चांगला केलास बाई," गोजरबाई तिच्या त्या आवाजात म्हणाली. अर्ध्या जत्रेनं वळून बघितलं. "दात लई मोठे केलेस पन. आन् केस कुनी इंचरले का न्हाई त्याचे?"

अनवरीला हसू आवरेना. ती सगुणाबाईच्या मागं तोंड लपवून उभी राहिली.

पाच-सहा दिवसांनी हसनाबादचे दोन गृहस्थ बैलगाडीनं आले. त्यांच्याकडं दसऱ्याला सोंगं निघायची. गणपती, सरस्वती, रावण असे पाच मुखवटे त्यांना हवे होते. पेरणीच्या आधी, महिनाभरात होतील ना, म्हणून त्यांनी विचारलं. कारभारीनं हनुवटीनं बायकोकडं दाखवलं.

"अडीच महिने," सगुणाबाई म्हणाली.

"बाई, पाचच तर हायेत. एकामागून एक जल्दी केलं तर..."

"जल्दी केलं तर तुमचा रावन मांजर व्हईल. म्या करून बघितलंय."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. थोडी घासाघीस झाली, ती दिवसांचीच. शेवटी ते सव्वादोन महिन्यांवर तयार झाले आणि म्हणाले, "मंग उद्यापासून सुरू करा म्हंजे झालं."

"उद्या न्हाई जमायचं," ती म्हणाली. "उद्या मी मंठ्याला चालले. रजियाचं लगीन हाय."

अनवरीची लेक मंठ्याच्या पिंजाऱ्याला द्यायची ठरली होती आणि निकाह तिकडंच होता. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना वेशीतून चार गाड्या निघाल्या. सगुणाबाई अनवरीच्या गाडीत, नवीन हिरव्या लुगड्यात, मांडीवर गावाकडून दिलेलं मातीचं मोठं झाकणाचं भांडं. त्यावर तिनं रात्रीच वेली काढून ठेवल्या होत्या. गाडी हलली तशा बायकांनी शादीची गाणी धरली. सगुणाबाईला शब्द येत नव्हते. तिनं पहिल्या गाण्याला नुसत्या टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याला शेवटचा शब्द उचलला आणि ओढा ओलांडेपर्यंत ती सगळ्यांच्या वर आवाज लावून चुकीचं गात होती.